ओला आवाज

सुरतेच्या पांडेसऱ्यात सकाळ आधी बोटाला लागते, मग डोळ्यांना दिसते. मिलांच्या बॉयलरमध्ये रात्रभर जळलेल्या कोळशाची बारीक काळी भुकटी अंधारातच कधीतरी खाली उतरते. घरांच्या पत्र्यांवर, दोरीवर राहून गेलेल्या कपड्यांवर, तेलाच्या डब्यात लावलेल्या तुळशीवर आणि दाराशी साखळीनं बांधलेल्या लुनाच्या सीटवर ती इतक्या सावकाश पसरते, की चिमण्यांमागून ऊन वर यायच्या आत सगळ्या गल्लीचा एकच रंग होऊन गेलेला असतो. नाना रातपाळीहून आले की आधी त्या सीटवरून बोट फिरवत. काळ्यातून एक लाल रेघ उमटे. मग ते फडकं शोधत.

घरात जायच्या आधी.

आमच्या घरातलं बहुतेक सगळं कुणाच्या तरी हातून आमच्याकडे आलेलं होतं. पंखा आधी एका दर्जीच्या दुकानात फिरत होता, कपाटाच्या आतल्या बाजूला कुणाच्या तरी लेकीनं गुजरातीत पाढे लिहिले होते, आणि खोलीच्या भिंतीत आधीच्या भाडेकरूनं ठोकलेले खिळे होते, त्याच खिळ्यांवर आम्ही आमचे देव टांगले. पांडेसऱ्यात ह्याचं कुणाला काही वाटत नसे. ओडिशातून आलेला असो, उत्तर प्रदेशातून आलेला असो की धुळे-जळगाव-नंदुरबारकडचा, जो तो दुसऱ्यानं मोकळ्या केलेल्या जागेत पाय ठेवत होता. जुनी गाडी घेण्यात कमीपणा नव्हताच. पण पंखा वापरायचा होता, कपाट वापरायचं होतं. लुना सांभाळायची होती. हा फरक मला फार लहानपणी कळला, कारण नाना पंख्याशी कधी बोलत नसत.

नाना सुरतेला आले ते बहात्तरच्या दुष्काळानं हुसकावलं म्हणून. त्याच १९७२ साली तापीवर उकाईचं धरण पुरं झालं, आणि त्याच साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं लुना रस्त्यावर आणली. इटलीतल्या पियाजिओच्या ‘चाओ’वरून बेतलेली, पन्नास सीसीची, पायडलं असलेली, पेट्रोल संपलं तर सायकल होऊन घरी आणणारी. एका वर्षात पाऊस अडला, नदी अडली आणि ही एवढीशी गाडी सुटली. तिन्हींचा एकमेकांशी संबंध काहीच नाही. मला मात्र तो लावल्यावाचून राहवत नाही. पाऊस पडला असता तर नाना अमळनेरजवळच्या आमच्या गावातून हललेच नसते, तापीच्या काठाकाठानं पश्चिमेला निघालेल्या त्या रेल्वेत बसले नसते, बारा-बारा तास धोट्याच्या लूमपुढे उभे राहिले नसते, आणि मग पुष्कळ वर्षांनी अखाजीला गावी गेले असताना एका दूधवाल्याच्या ओसरीवर ती लाल लुना पाहून त्यांचे पाय थबकले नसते.

जुनी गाडी पाहायची त्यांची रीत निराळी होती. रंगाकडे ते सगळ्यात शेवटी पाहत. आधी स्क्रूची डोकी. ज्या स्क्रूची खाच चेमटलेली, गोल झालेली, तिथं अडाणी हातांनी वारंवार खोललेलं असतं. ज्याची खाच अजून धारदार, तिथं एक तर कुणी हात लावलेला नसतो किंवा जाणत्यानं लावलेला असतो. मग मागचं चाक उचलून हातानं फिरवायचं आणि ते थांबेपर्यंत गप्प बसायचं. मग चेन बोटानं वर उचलून पाहायची, हँडल सोडून गाडी कुणीकडे कलते ते पाहायचं. शेवटी प्लग. आजारी लेकराची जीभ पाहावी तसा नाना तो उजेडाकडे धरून बघत: काळा आणि ओला असला तर इंजिन तेल पितंय, पांढरा पडला असला तर आत उष्णता फार, आणि कोरडा, कॉफीच्या रंगाचा असला तर पैशाचं बोलायला हरकत नाही.

त्या लुनाचा प्लग कॉफीच्या रंगाचा होता. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन घासून घासून पत्र्याला पोचे पडले होते, आणि डावी मूठ उजवीपेक्षा जास्त झिजली होती. ती चालताना जराशी डावीकडे ओढ घेई. पुढं कितीदा तरी चाक बसवून, काटा सरळ करूनही ती ओढ गेली नाही. “दूधवाल्याचं घर डाव्या हाताला असेल,” माय म्हणायची. मला ते हसण्यावारी नेता येत नाही. वर्षानुवर्षं पहाटेच्या अंधारात एक माणूस त्याच दारांशी थांबतो, त्याच खड्ड्याला तसंच चुकवतो, त्याच चढावर तेवढीच मूठ पिळतो. लोखंडात ते कुठं तरी साठत असलं पाहिजे. नानांनी लुना घेतली तेव्हा त्या माणसाच्या पहाटाही घेतल्या, आणि त्याचे पैसे दूधवाल्यानं लावले नाहीत.

टाकीतलं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढून, गोणपाटात शिवून, वर शाईनं ‘उधना’ लिहून लुना पार्सलच्या डब्यातून निघाली. नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार. नवापूरच्या फलाटावर महाराष्ट्र संपतो आणि त्याच फलाटावर गुजरात सुरू होतो. आगगाडीला त्यासाठी कसलाही ना-हरकत दाखला लागत नाही. लुनाला लागला. राज्य बदललं की बारा महिन्यांत नंबर बदलावा लागतो, त्यासाठी आधी जळगावच्या आरटीओचा दाखला, मग मालकी बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, मग सुरतेतली रांग. ती सगळी पायपीट नानांनी रातपाळ्यांच्या मधल्या दिवसांत, झोपेवर पाणी सोडून केली. एमएच-१९ पुसून पेंटरनं त्याच पाटीवर जीजे-५ रंगवलं. जुन्या अक्षरांवर त्यानं दोन हात दिले होते, तरी ऊन तिरपं झालं की नव्या रंगाखालून आधीचा ‘एम’ फुगून दिसे.

दुपारभर दिसे. संध्याकाळी जाई.

नानांचे हात यंत्रांना सरावलेले होते, पण ती यंत्रं त्यांची नव्हती. लूम शेठचे, सूत शेठचं, वीज शेठची, आणि निघालेल्या ताक्यातल्या डागाचा दंड तेवढा नानांचा. एकाच वेळी कितीतरी लूमकडे लक्ष ठेवायचं: इथं ताण्याचा धागा तुटला, तिथं कांडी संपली, पलीकडे धोटा अडकला. खात्यात माणसं एकमेकांशी हातानं बोलत, कारण तोंडानं बोललेलं ऐकूच जात नसे. तो गदारोळ दारं-खिडक्यांतून बाहेर येऊन गल्लीत भरलेला असे, जमिनीतून घराच्या फरशीत शिरे, पाण्याच्या हंड्यावर त्याची बारीक वर्तुळं उठत. आम्ही त्या आवाजात जेवलो, त्यातच अभ्यास केला, त्यात झोपलो. तो आवाज आहे हे आमच्या लक्षातही नव्हतं. हवेला कुणी आवाज म्हणत नाही.

त्यात लुना हे एकच यंत्र असं होतं, ज्याच्यापुढे किती मीटर झाले हे संध्याकाळी कुणी विचारणार नव्हतं.

लुनाच्या दोन स्ट्रोकच्या इंजिनाचं गणित साधं आहे आणि मला ते अजूनही सुंदर वाटतं. त्याला तेलाची वेगळी टाकी नसते, झडपा नसतात. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, आणि जे जळायचं त्याच्याच अंगावर बसून वंगणानं आत जायचं, पिस्टनला स्पर्श करायचा आणि धूर होऊन बाहेर पडायचं. जळणं आणि जपणं एकाच घोटात. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा. नाना पंपावरच्या माणसावर विसंबत नसत. टू-टीची बाटली घरी असे, फडताळात, खोबरेल तेलाच्या शेजारी. त्यांचं मापाचं एक झाकण होतं. ते झाकण डोळ्यांच्या रेषेत धरून ते तेल ओतत तेव्हा घरात कुणी हाक मारत नसे. मग गाडी दोन्ही हातांनी धरून हलके हलके डुलवायची, टाकीच्या आत तेल-पेट्रोल एकजीव होईस्तोवर. पेट्रोलचा तो थंड, गोडसर, डोक्यात चढणारा वास, त्यात टू-टीचा जाड वास, खालून गटाराचा, वरून डाईंगच्या वाफेचा. अजून कुठल्या पंपावर उभी राहिले की मला पाठीमागून कुणीतरी हळूहळू डुलवत असल्याचा भास होतो.

देखभालीची बाकीची कामं सुट्टीच्या दिवसाची. लूमखात्यातून उडालेला सुताचा भुसका सगळ्या पांडेसऱ्यात तरंगत असतो, तो हवेच्या फिल्टरला गच्च बसे. फिल्टर पेट्रोलमध्ये धुवायचा. पॉइंटवर धरलेली काळिमा कागदाच्या घडीनं पुसायची. सायलेन्सर काढून जाळावर धरायचा, आतला कार्बन लाल होऊन सुटला की दगडावर आपटायचा. खपल्या पडत, काळ्या, हलक्या, चकचकीत, आणि मी त्या वेचून डबीत ठेवत असे. का ते माहीत नाही. खंडेनवमीला हेडलाइटच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं आणि हँडलला झेंडूची माळ. श्रावणात कानबाईच्या रोटांचे गहू त्याच लुनावरून दळून यायचे, आणि त्या दिवशी नाना तिला धुऊन काढत, सोवळ्यात घेतल्यागत.

कधीतरी डुमसच्या समुद्रावर. एवढ्याशा गाडीवर तिघं बसू नयेत हे मान्य. पण मी मोजण्यात येत नव्हते, हँडल आणि सीटच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी असायचे. उधना-मगदल्ला रस्ता धरला की मागं पडत जाणारा लूमचा खडखडाट पातळ होत होत एका ठिकाणी तुटे, आणि कानांत काहीतरी उघडल्यागत सगळं मोठं होई: वारा, मायच्या बांगड्या, चेन, माझ्याच केसांचा फडफडाट. डुमसची वाळू काळी आहे. लोक तिच्याविषयी भुताखेतांच्या गोष्टी सांगतात, आम्हाला ती घरचीच वाटली, आमच्या सीटवरच्या भुकटीच्या रंगाची. परतताना अंधार झालेला असे. त्या जुन्या लुनाला बॅटरी नव्हती. चाललेल्या इंजिनातूनच दिव्याला वीज मिळे, त्यामुळे मूठ पिळली की रस्ता उजळे आणि गाडी हळू झाली की उजेडही मंदावून तांबूस होई, थांबलो की विझू विझू करी. समोरून ट्रक आला की नाना वेग कमी करत आणि नेमकं तेव्हाच दिसेनासं होई. भीती वाटायला हवी होती. मी त्या तांबूस, श्वास घेणाऱ्या उजेडाकडे पाहत पाहत उभ्यानं झोपून जायचे, आणि झोपेतही पायांखालून इंजिनाचा ठेका वर येत राही, पोटऱ्यांत, गुडघ्यांत, दातांत.

१९९४च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या पाठोपाठ, वेड रोडकडून प्लेगची बातमी आली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या, तोंडाला रुमाल आले, आणि लाखो माणसं शहर सोडून निघाली. उधना स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. आम्हीही गावी गेलो. नानांनी लुनाच्या साखळीला दोन कुलपं घातली, वर फाटकी सतरंजी टाकली आणि पेट्रोलचा कॉक बंद केल्याची दोनदा खात्री करून घेतली. घाईत दाराला कुलूप लावायचं मात्र माझ्या मायनं आठवून लावलं.

दिवाळीच्या आधी परतलो तेव्हा पांडेसरा मी पहिल्यांदाच ऐकला. मजूर अजून आले नव्हते, लूम बंद, बॉयलर थंड. कावळे होते. कुठंतरी नळ ठिबकत होता. उधन्यावरून गाडी गेली तर तिचे डबे मोजता आले असते. चिमण्यांच्या वरचं आभाळ निळं होतं आणि लुनावरच्या सतरंजीवर काळ्याऐवजी साधी, पिवळट, गावाकडची असावी अशी धूळ बसली होती.

नानांनी ती झटकली आणि कामाला बसले. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलं होतं, तळाशी तेलाची चिकट राळ उरली होती. जेट काढून त्यांनी पेट्रोलात भिजत घातला, मग तोंडानं फुंकला. त्यात तार घालायची नाही, असं ते नेहमी सांगत. तारेनं भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर जास्तीचं पीत राहते. नवं मिश्रण भरलं, गाडी डुलवली, स्टँडवर चढवली आणि पायडल मारायला लागले. एकदा खोकली. पुन्हा. मग धरलं तिनं. बारीक, अडखळत, पण धरलं. त्या शांततेत तो आवाज एवढा मोठा वाटला की समोरच्या माडीवरची एक खिडकी उघडली आणि कुणीतरी गल्लीत परत आलंय हे पाहून पुन्हा लोटली गेली.

नाना पायडल मारतच होते.

“चालू व्हयनी का?” त्यांनी विचारलं.

मायनं माझ्याकडे पाहिलं. “व्हयनी,” ती म्हणाली. मग मोठ्यानं, “व्हयनी ना!” लूम बंद होते. बॉयलर बंद होते. आजवर नानांना हाक ऐकू आली नाही की आम्ही लूमवर ढकलत होतो, तो लूम आता मध्ये नव्हता. नाना पायडल मारत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि सगळ्या पांडेसऱ्याला ऐकू येत असलेलं त्यांना येत नव्हतं. माय पुढं झाली. तिनं त्यांचा तळवा धरला आणि इंजिनाच्या झाकणावर टेकवला.

पाय थांबले.

पुढं मी कुठंतरी वाचलं की धोट्याच्या लूमजवळचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, की कारखान्यांचे नियम नव्वद डेसिबलमध्ये माणसाला आठ तासांहून जास्त राहू देत नाहीत, आणि की अशा कानांतून सगळ्यात आधी बारीक आवाज जातात, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. पाळी बारा तासांची होती हे मला वाचावं लागलं नाही. बारीक आवाज म्हणजे पैंजण, टाचणी, पावसाचे पहिले थेंब. बोलण्यातले ‘स’ आणि ‘त’ आणि लहान मुलीचा एकूण सगळाच गळा. नानांना माझं बोलणं बहुधा कडा झिजलेलं ऐकू येत होतं, अर्थ उरलेला आणि टोकं गेलेली. ते तसंच समजून घेत होते आणि हसत होते. ह्याबद्दल कुणाला जाब विचारावा असं आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. मला सुचतं, अजूनही, आणि मग राग कुठं ठेवावा ते कळत नाही.

तेव्हापासून नानांचा तळवा आणि माझा कान मिळून लुना चालायला लागली. मी पुढं उभी राहून ऐकायचे, ते हात लावून पाहायचे. “आवाज कसा यी ऱ्हायना? सांग ना व.” आणि मला सांगावं लागे. नुसतं ‘चांगला’ किंवा ‘वेगळा’ म्हणून चालत नसे. त्यावरून स्क्रू कुठला फिरवायचा ते ठरत नाही. मी शब्द धुंडाळू लागले. ओला आवाज: इंजिनाला पेट्रोल जास्त होतंय, घशात काही अडकलंय. कोरडा: पेट्रोल कमी, हवा जास्त, खणखण, चिडचिड. जाड: सायलेन्सरात कार्बन भरला. पोकळ: सायलेन्सरच्या तोंडाशी पॅकिंग गेलं. अधूनमधून एक उसासा: पॉइंटला काळिमा. ओरडून सांगितलेलं चालत्या गाडीवर पोचत नसे, तेव्हा लूमखात्यातल्या माणसांसारखे आमचेही हात ठरून गेले. बोटं खाली झटकली की ओला, चुटकी वाजवली की कोरडा, मूठ अर्धी उघडी ठेवली की पोकळ. मी चुटकी वाजवली की नाना गाडी कडेला घेत. भर उधन्याच्या गर्दीत, ट्रकांच्या हॉर्नमध्ये, एक माणूस खाली वाकून कार्बोरेटरचा स्क्रू पाव आट्यानं फिरवतोय आणि एक पोरगी डोळे मिटून मान हलवतेय, अजून नाही, अजून नाही.

आता.

महापालिकेच्या मराठी शाळेत आम्हाला निबंध असे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’. बाईंनी माझ्या वहीत एका वाक्याखाली लाल रेघ ओढली होती. पत्र्यावरचा पाऊस आधी कोरडा होता, मग ओला झाला, असं मी लिहिलं होतं. पाऊस कोरडा कसा असेल, त्यांनी विचारलं. त्यांना मी समजावून सांगू शकले नाही, कारण त्यासाठी त्यांना लुनावर उभं राहावं लागलं असतं.

मग सुटे भाग मिळेनासे झाले. आधी मूळ कंपनीचे गेले, मग नकली, मग नकलीचेही नकली. भंगारवाल्याकडे मेलेल्या लुना असत, एकावर एक रचलेल्या, आणि नाना तिथं सबंध दुपार रमत. कुणाचा मॅग्नेटो, कुणाचा कॉक, कुणाची मागची सळी. आमच्या लुनेत हळूहळू कितीतरी अनोळखी माणसांच्या पहाटा येऊन बसल्या. डावीकडची ओढ मात्र सगळ्यांना पुरून उरली. रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, चार स्ट्रोकच्या, मुक्या, एका बोटानं सुरू होणाऱ्या. गल्लीतल्या लूमखात्यांतही धोटे जाऊन पाण्याच्या फवाऱ्यानं बाणा टाकणारे वॉटरजेट आले; जुने लूम किलोवर विकले गेले. नाना त्या ढिगाकडे पाहायला थांबले नाहीत. पंधरा वर्षांनी, मग पाच-पाच वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लुना आरटीओत उभी राहिली. २०२४च्या फेब्रुवारीत लुना पुन्हा बाजारात आली, विजेवर चालणारी. भावानं मोबाइलवर नानांना दाखवली. “हिचा आवाज कसा आहे?” त्यांनी मला विचारलं. नाहीच, मी हातानं सांगितलं. हा इशारा आमच्यात आधी ठरलेला नव्हता, पण त्यांना कळला. “मंग बिघडनी का कसं समजनार?” ते म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला.

गावी परत जायचं त्यांनी ठरवलं तेव्हा लुना विकायची हेही त्यांनीच ठरवलं. घेणारा शेजारच्या गल्लीतला, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला एक पोरगा. लूमवाल्यांच्या मेसमधून डबे पोचवायला त्याला गाडी हवी होती. मी त्याला सगळं सांगायला बसले. किती तेल, कुठलं झाकण, जेटमध्ये तार का नाही घालायची, रात्री कॉक बंद, स्टँडवर लावून आधी पायडल हळू मारायचं आणि मग जोरात, डावीकडे ओढते त्याला घाबरायचं नाही, आवाज ओला आला तर काय आणि कोरडा आला तर काय. त्याच्या एका कानात मोबाइलची वायर होती. तो मान हलवत होता. माझं अर्धं सांगून झालं असेल नसेल, त्यानं स्टँड उडवला, सायकल हाणतात तशी लुना हाणत गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि ती वळणाच्या आत सुरू झाली. इतकी वर्षं आम्ही तिला स्टँडवर चढवल्याशिवाय सुरू केली नव्हती. तो परत आला तो एका हातानं चालवत, दुसऱ्या हातानं वायर नीट करत, आणि डावीकडची ओढ त्याच्या लक्षातही आलेली दिसली नाही. कदाचित त्याचंही घर डाव्या हाताला असेल.

“बढिया है,” तो म्हणाला आणि खिशातून नोटा काढल्या.

नानांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, टाकीचं झाकण उघडून आत वाकून पाहिलं.

“आधी टंकी पेट्रोल है,” ते त्याला म्हणाले. “ऑइल डाला हुआ. उसका अलग.”